चोपणवाडीची मोरी

चोपणवाडी,
मे १९४८

प्रिय विल्सन,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायचं, मग समोरचा कुणीही असो, हे मी इथल्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. तूही त्याच सारवलेल्या जमिनीवर बसून माझ्याकडूनच शिकलास. सवयीनं लिहिलं आहे. त्यातून दुसरा काही अर्थ काढू नकोस.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं ते भर दुपारी सडकेवर, सगळ्या बायांसमोर माझ्या हातात ठेवलं. पाकिटावरचा सरकारी शिक्का बघून कडूबाई म्हणाली, “भावाचं दिसतंय. वाचा की बाई मोठ्यानं.” तेव्हा मी ते कमरेला खोचलं. संध्याकाळी मात्र वस्तीत बसून वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून तुझ्या सहीपर्यंत, एक शब्द न गाळता. तू जे मागितलं आहेस त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण ते शेवटी. आधी तुला बाकीचं ऐकून घ्यावं लागेल. इतक्या वर्षांत तू काही विचारलं नाहीस म्हणून तुला काही कळलं नसेल, किंवा कळलं असेल आणि तू विचारलं नसशील. मला त्यातला फरक आता वाटेनासा झाला आहे.

सडकेची खुशाली आधी सांगते, कारण माणसांच्या आधी तुला तीच आठवते. यंदा ऊन असं आहे की सकाळची न्याहारी उरकेपर्यंत डांबर सुटायला लागतं. दुपारी तर सगळी सडक काळी लापशी होते. घोडेगावच्या बाजाराला जाणारे लोक बैल सडकेवर आणत नाहीत, बाजूच्या शेतातून हाकतात. परवा एका खिल्लारी बैलाचा पाय रुतला. चौघांनी ओढून काढला तेव्हा खुराची पत्री डांबरातच राहिली, आणि तो बैल जो बसला तो बाजार उठेपर्यंत उठला नाही. आम्ही घमेल्यातून वाळू फेकत जातो. मागं वळून बघावं तर डांबरानं ती गिळलेली असते. कडेला त्याच्या उलट. तिथली काळी माती अशी फाटली आहे की भेगेत माझा हात कोपरापर्यंत जातो. त्या भेगा डांबराच्या खाली शिरल्यात आणि वरच्या थराचे कडेकडेनं ढलपे सुटतायत. भेगांत आम्ही मुरूम ठासतो, वरून पाणी मारून चोपतो. होय, आम्ही. तुझ्या पत्रात तू त्याला ‘असलं काम’ म्हटलं आहेस. मी सडकेच्या गँगवर आहे, पाटी उचलते, फावडं मारते, हे तुला नगरमध्ये कुणीतरी सांगितलं आणि तुला मान खाली घालावी लागली, असं तू लिहितोस. मान खाली घातलीच होतीस तर जरा पायांकडेही बघायचं होतंस. बूट आहेत तुझ्या पायांत.

तू जन्मलास आणि आई गेली. बाबा मिशनची पुस्तकं पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारे, आणि मी दहा-अकरा वर्षांची. तुला बनुबाईनं पाजलं. तिचा भीमा तेव्हा अंगावर पीत होता. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला तू. हे मी तुला आठवण करून देते आहे असं समजू नकोस. तू विसरला आहेस असं मला वाटत नाही. विसरला असतास तर मला तुझा इतका राग आला नसता. बाबा गेल्यावर मी तुला शिकवलं, पुण्याला ओव्हरसियरच्या शिक्षणाला धाडलं, आणि तू परत आलास तो खाकी टोपी घालून. लढाईचं तिसरं-चौथं वर्ष असेल. फौजेच्या गाड्या नगरहून औरंगाबादकडे जायच्या होत्या, कच्ची सडक त्यांना पुरत नव्हती, पावसाळ्याआधी डांबर पडायलाच हवं असा हुकूम होता. चोपणवाडीचा तुकडा तुझ्याकडे आला आणि तू शाळेमागच्या माझ्या खोलीत राहायला आलास. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आले होते, आपला विल्सन सडक बांधणार.

तेव्हाची एक गोष्ट मला फार छळते. जेवायला बसलो होतो. काळ्या मातीवर सडक टिकत नाही असं लोक म्हणतात ते का, असं मी विचारलं. तू ताटात बाजरीच्या भाकरीचा तुकडा ठेवलास, त्यावर आमटी ओतलीस, आणि तो फुगून मऊ झाल्यावर त्यावर बोट दाबून दाखवलंस. म्हणालास, “ही आपली काळी माती, आक्का. पाणी प्याली की फुगते, ऊन लागलं की आक्रसते. ती खाली हालत राहिली तर वर सोन्याचा पत्रा ठोकला तरी फाटणार. म्हणून ती उकरून काढायची, मुरूम भरायचा, सडक उंच घ्यायची, दोन्ही अंगांना चर काढायचे. आणि पाण्याला पलीकडे जायला मोरी ठेवायची. सडक उंच केली आणि मोरी ठेवली नाही, तर ते धरणच की!” तुझे शब्द आहेत हे. मी दुसऱ्या दिवशी तेच भाकरीचं उदाहरण देऊन वर्गात मुलांना सांगितलं. तुला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकले असते तर आज हे पत्र वेगळं झालं असतं.

काम सुरू झालं. डांबराची पिंपं भट्टीवर चढली, धूर वस्तीवरून वाहायला लागला. पुरुष झारीनं डांबर ओतायचे आणि बाया मागोमाग बारीक खडी फेकत जायच्या, पायांना गोणपाट गुंडाळून. गोणपाट डांबरात चिकटायचं, सुटायचं, मग पाऊल उघडं पडायचं. कडूबाईनं सगळ्यांतर्फे तुझ्याकडे वहाणा मागितल्या. तू हो म्हणालास. मग पुन्हा मागितल्या, पुन्हा हो म्हणालास. तुझं ‘हो’ फार गोड असतं, लहानपणापासून. बनुबाईला मी नको म्हटलं होतं, तिचं वय झालं होतं, गुडघे धरले होते. ती ऐकेना. “माझ्या दुदाच्या लेकाची सडक हाय. दोन पाट्या माज्या पडल्या पायजेत,” म्हणायची. सडक दाबायचं इंजिन येत होतं, तेव्हा मुकादमासमोर तू तिला म्हणालास, “ए म्हातारे, इंजिनाच्या वाटेतून बाजूला हो.” मी तिथंच पाणी घेऊन आले होते, मी ऐकलं. ती हसली. मला म्हणाली, “सायेब झालाय नव्हं. तसंच बोलाया लागतं.” बाकीच्या बाया तुला शिव्या घालायच्या तेव्हा ही त्यांच्याशी भांडायची.

वस्तीच्या वरच्या अंगानं येणारा ओहोळ सडक ओलांडतो तिथं तू मोरीसाठी खुंट्या ठोकल्या होत्यास. दगडही येऊन पडला होता. मग मोठा साहेब मोटारीतून बघून गेला आणि तारीख अलीकडे आली. एका सकाळी मी बघितलं तर खुंट्या उपटलेल्या, दगड दुसरीकडे हलवलेला, आणि ओहोळावर मुरमाचा भराव पडत होता. मी धावत तुझ्याकडे आले. “मोरी?” एवढंच विचारलं. तू म्हणालास, “पावसाळा उतरला की फोडून घालू. लढाई चालू आहे, आक्का, सिमेंट कुठाय? एका पावसाळ्यात काय होतंय?” मी म्हटलं, वस्ती खोलात आहे, पाणी जाईल कुठं? तर तू टोपी डोक्यावर सारखी करत म्हणालास, “तू पोरांचे पाढे घे. सडकेचं मला कळतं.” कळत होतंच. तेच तर म्हणते आहे मी. साहेबानं मोटारीतून उतरून तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तो दिवसही मला आठवतो. चकचकीत काळी सडक, कुठं खाच नाही, खळगा नाही. तू बदलीच्या हुकमासह नगरला गेलास, आणि जाताना बनुबाईच्या घरावरून गेलास पण आत गेला नाहीस.

पुढचं तुला पोलिसांच्या तोंडून कळलं. माझ्या तोंडून आज ऐक.

आषाढात पाऊस लागला तो उघडेना. रविवार होता. शाळेच्या खोलीत उपासना चालू होती आणि दाराबाहेर पायरीवर बसलेली मुलं पाय वर घेऊ लागली. बाहेर येऊन बघतो तर वरून ओहोळ भरून येतोय आणि सडकेला अडून मागं वस्तीत पसरतोय. सडकेच्या अलीकडे गुडघाभर पाणी, पलीकडे नुसती ओली ढेकळं. लोक पोरं, शेरडं, धान्याची मडकी काढायला धावले. आपल्या वस्तीच्या भिंती कशाच्या, तर त्याच मातीच्या. पाणी पिऊन त्या पायाकडून फुगल्या आणि बसू लागल्या. बनुबाई घरात होती. गुडघ्यांनी ती उपासनेला आली नव्हती. भीमा तिला उचलायला पोचला तेव्हा मागची भिंत आत पडली होती. त्यानं हातांनी माती उपसली, आम्ही सगळ्यांनी उपसली. ती निघाली तेव्हा अंग गरम होतं. तेवढंच.

पाणी चढतच होतं. मी कुदळ घेतली आणि सडकेवर गेले. कडूबाईचा नवरा कारभारी माझ्या मागं आला आणि त्यानं दांडा धरला. “बाई, सरकारी सडक हाय. फौजेची हाय. दावा लावतील.” मी म्हटलं, “माझ्या भावाची सडक आहे. मी फोडते.” पहिला घाव मी घातला. दुसराही. मग कारभारीनं माझ्या हातून कुदळ काढून घेतली, कारण माझ्यानं डांबर फुटेना, आणि भीमा पहार घेऊन आला. त्याच्या अंगावर आईच्या घराची माती होती. दोघांनी सडक फोडली. पाणी त्या खाचेतून असं सुटलं की वस्तीतलं तळं आमच्या डोळ्यांदेखत उतरलं. कडूबाईनं आपलं लाल लुगडं फाडून दोन्ही बाजूंना बांबूवर बांधलं, गाडी येऊन पडू नये म्हणून. कुणी पडलं नाही. कुणाला खरचटलं नाही. फौजेच्या गाड्या येऊन थांबल्या, खाच भरेपर्यंत थांबल्या, एवढाच गुन्हा.

दुसऱ्या दिवशी आम्ही बनुबाईला पुरायला नेलं. खड्डा खणला की त्यात पाणी भरायचं, घमेल्यानं उपसायचं, पुन्हा भरायचं. तिला शेवटी ओल्यातच ठेवावं लागलं. मी वाटेकडे बघत होते. मला वाटत होतं, तू येशील. आणि तू आलास! फौजदाराच्या मागून, टोपी घालून. कबरीपाशी आला नाहीस, बाभळीखाली उभा राहिलास. फौजदारानं विचारलं, सडक कुणी फोडली, आणि तू बोटानं दाखवलंस. हा कारभारी. हा भीमा. आम्हांला कुणालाच न विचारता तुला कशी कळली नावं? कारण तू वस्तीतला आहेस, अशा वेळी कुदळ-पहार कुणाच्या हाती जाणार ते तुला ठाऊक. फौजदारानं भीमाचे हात उलटे करून पाहिले. काळी माती होती. “हा बघा पुरावा,” म्हणाला. विल्सन, आईला माती दिलेले हात होते ते.

मी पुढं झाले. सगळ्यांदेखत सांगितलं, पहिली कुदळ मी मारली, मी सांगितलं म्हणून यांनी मारली, मला धरा. फौजदारानं तुझ्याकडे पाहिलं. तू त्याला बाजूला घेतलंस, पण आवाज खाली घ्यायचं तुला सुचलं नाही. “मोठी बहीण आहे माझी. म्हातारीच्या मरणानं डोकं फिरलंय तिचं. तसं आधीपासूनच थोडं आहे.” फौजदारानं मान हलवली आणि ते दोघांना घेऊन गेले. तू मला वाचवलंस असं तुला वाटतं. तुझ्या पत्रातही तू लिहिलंस, ‘त्या वेळी मी तुझ्यासाठी काय केलं ते तुला कळलं नाही.’ कळलं. अगदी पूर्ण कळलं. ज्यांनी माझं ऐकलं ते तुरुंगात गेले आणि मी घरी राहिले. पण एक विचारते. डोकं फिरलंय म्हणालास, तेवढ्यानं फौजदाराचं समाधान झालं असतं. ‘आधीपासूनच’ कशाला जोडलंस? तो एक शब्द नगरला माझ्याआधी पोचला. मिशनच्या बाई आल्या, माझा हात हातात घेऊन फार मायेनं बोलल्या, आणि शाळा दुसऱ्या बाईकडे दिली. आधीपासून डोकं बिघडलेल्या बाईकडे पोरं कोण सोपवणार? शाळेबरोबर खोलीही गेली. मी वस्तीत पडक्या घराची भिंत उभी करून राहिले. बनुबाईचंच घर ते.

वस्तीनं मला जवळ केलं असेल असं तुला वाटेल. कशाला करील? मी कडूबाईच्या दाराशी गेले तर तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, “तुमी वाचलात, बाई. भाऊ सायेब हाय तुमचा. माजा नवरा कुनाचाच भाऊ न्हवता.” ती दार लावून घेती तर बरं झालं असतं. ती उघड्या दारात उभी राहिली, मी जाईपर्यंत. त्या वर्षी माझ्याशी कुणी बोललं नाही. विहिरीवर मी गेले की बाया कळशी भरून निघून जायच्या. तुझ्या बहिणीला तू तुरुंगापासून वाचवलंस ते असं.

भीमा दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगातच तापानं गेला. मी तुला कळवलं होतं. दोन ओळी टाकल्या होत्या, एकीत बातमी आणि एकीत त्याला कुठं पुरलं ते विचार म्हणून विनंती. तुझ्यासारख्या सरकारी माणसाला तुरुंगाच्या साहेबानं सांगितलं असतं. उत्तर आलं नाही. तो कुठं आहे ते आजही आम्हांला माहीत नाही. एका अंगावर वाढलेले तुम्ही दोघं. एकाची कबर नाही आणि दुसऱ्याला बंगला मिळाला.

सडकेच्या गँगवर मी गेले ते प्रायश्चित्त म्हणून वगैरे नाही. शाळेखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं आणि पोट होतं. मुकादमानं घेतलं, कारण तुझ्या सडकेला दरवर्षी माणसं जास्तच लागतात. कडूबाई त्याच गँगवर. कितीतरी दिवस ती माझ्या पुढं चालायची आणि मी मागं, मध्ये वाळूचं घमेलं. मग एका उन्हाळ्यात माझ्या टाचेला डांबर चिकटलं आणि मी ते पाण्यानं धूत बसले. कातडं निघालं, डांबर निघेना. ती बराच वेळ बघत होती. शेवटी येऊन बसली. “एरंडेल लावा. पान्यानं मेलं तरी निगायचं न्हाई,” म्हणाली, आणि स्वतःच्या बोटांनी चोळून काढलं. मग म्हणाली, “तुमी पयला घाव घातला हुता, मी बगितलं हुतं. पर राग कुनावर काडायचा? तो सायेब तर हातात गावत न्हाई.” तेव्हापासून आम्ही बोलतो. मी तिला काही माफी वगैरे मागितली नाही, तिनंही दिली नाही. दोघींचं काम तेवढं एक आहे.

मोरी झाली नाही. पावसाळा उतरला की फोडून घालू म्हणालास. असे किती पावसाळे उतरले. आम्ही अर्ज केले. आधी उत्तर आलं, लढाई संपू द्या. लढाई संपली. मग, स्वराज्य येऊ द्या. तेही आलं. आषाढ लागला की वस्ती पोरंबाळं, शेरडं-करडं घेऊन शाळेच्या खोलीत जाते, आणि त्या जागी सडक फुगते. तिथं पाणी तुंबून खालची माती पिते, वरचं डांबर पोटासारखं वर येतं, मग उन्हाळ्यात तेच खचतं आणि आम्ही खडी घालून सारखं करतो. दरवर्षी तीच जागा. मोटारीतल्या साहेबांना तिथं जरासा हिसका बसत असेल.

कारभारी सुटून आला. घोडेगावला मोटारीतून उतरून तुझ्याच सडकेनं चालत आला. त्या जागी थांबला, वाकून दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आम्हां बायांना विचारलं, “मोरी न्हाई झाली व्हय अजून?” घरी गेला. तुरुंगात त्याच्याकडून दगड फोडून घेतले, घडवून घेतले. हात चांगला बसला आहे त्याचा. महिन्याभरात तो माळावर छिन्नी-हातोडा घेऊन जायला लागला. काय करतोस विचारलं तर सांगेना. शेवटी कडूबाई जाऊन बघून आली. फरश्या घडवत होता, मोरीवर घालायच्या, एकेक दोन माणसांनी उचलावी अशी. त्या आता सगळ्या तयार आहेत. वस्तीतल्या पुरुषांनी त्या गाड्यांवर घालून ओहोळाकाठी आणून ठेवल्या आहेत. उघड्यावर, कुणीही बघावं अशा.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहिलंस की या भागातल्या सडका तुझ्याकडे आल्या आहेत. निजामाच्या हद्दीकडे पुन्हा फौजेच्या गाड्या जायच्या आहेत, पुन्हा घाई आहे, आणि पावसाआधी चोपणवाडीच्या तुकड्यावर डांबराचा नवा थर पडायला हवा. वस्तीतल्या बाया तुझ्या नावानं येत नाहीत, म्हणून मी त्यांना समजवावं. ‘तुझ्या शब्दावर त्या येतील, आक्का.’ बदल्यात मी गँग सोडून नगरला तुझ्याकडे राहावं, झालं गेलं विसरावं, आणि तू येशील त्या दिवशी माझ्या हातचं जेवून जाशील. मोरीचा शब्दही पत्रात नाही. मी दोनदा शोधला.

तर उत्तर असं. तुझ्या शब्दावर नाही, माझ्या शब्दावर बाया येणार आहेत. येत्या सोमवारी, सकाळी, ऊन व्हायच्या आत. खडी फेकायला नाही. आम्ही ओहोळावर सडक फोडणार आणि मोरी घालणार. आधी अर्धी रुंदी फोडू, फरश्या बसवून भराव चोपू, मग उरलेली अर्धी. एका बाजूनं गाड्या जात राहतील, तुझ्या फौजेला थांबावं लागणार नाही. हे तूच मला शिकवलंस तसं चाललं आहे, फक्त तू सोडून. कारभारी असेल, कडूबाई असेल, वस्तीतली सगळी असतील. चोरून करायचं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तुला आधी कळावं म्हणूनच लिहिलं आहे, म्हणजे मागच्यासारखं तुला बाभळीखाली उभं राहून बोटानं दाखवावं लागणार नाही. फौजदाराला घेऊन ये, नाहीतर मुरमाच्या दोन गाड्या घेऊन ये. या दोहोंपैकी काय आणायचं ते तू ठरव, वस्ती बघेल. फौजदार आणलास तर माझं नाव पहिलं दे. माझ्यासाठी काही करायचंच असेल तर एवढं कर. मुरूम आणलास तर टोपी काढून ठेव आणि भर. पाणी मागितलंस तर कडूबाई देईल, मी सांगेन तिला. जेवायला मात्र मी तुला बोलावत नाही.

मार्था शमुवेल वैरागर
सडक गँग, चोपणवाडी